बिनरबराची पेन्सिल

कानामागची पेन्सिल काढायची, तिचं टोक डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटायचा आणि समोरच्याला म्हणायचं, "टोक काढ आधी." अण्णांची ही लकब आमच्या सोसायटीतल्या घराघरात माहीत होती. त्यासाठी समोरच्याच्या हातात पेन्सिल असायलाच हवी असं नव्हतं. पाण्याच्या टँकरवरून सभेत दोन गृहस्थ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हाही अण्णा मागच्या खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "टोक काढा आधी, मग भांडा." दोघंही गोंधळून थांबले. अण्णांना काय म्हणायचंय ते कुणालाच कळलं नाही, पण भांडण मात्र तिथंच मोडलं.

अशी एकाच वाक्यावर आयुष्य काढणारी माणसं तुमच्याही शेजारात असतील. आमचे अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि कागदात गुंडाळलेलं ब्लेड. पेन्सिलीचं लाकूड ब्लेडनं सोलायचं आणि शिसं पॉलिश पेपरवर घासून अणकुचीदार करायचं. शार्पनरला ते "पेन्सिल खाणारा डबा" म्हणत.

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या अपमानानं. पुण्याहून आम्ही इथं, बंगळुरात, सर्जापूर रोडला राहायला आलो त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. फाटकावरचं पार्सलचं ॲप बंद पडलं होतं म्हणून वॉचमननं वही पुढे केली. मी घाईघाईनं नाव लिहिलं. मागे उभ्या असलेल्या अण्णांनी वाकून पाहिलं.

"डॉक्टर काय गं तू?"

"नाही. का हो?"

"मग अक्षराला काय झालं?"

मी ओशाळून म्हटलं, "सवय राहिली नाही हो काका."

"काका बेडा," ते म्हणाले. "काका म्हटलं की म्हातारा झाल्यासारखं वाटतं. अण्णा म्हण. तुम्ही पुण्याचे काय?"

"हो. दोन वर्षं झाली येऊन."

"असं होय. आम्ही पण बाहेरचेच. तुमच्यापेक्षा स्वल्प आधी आलो. चारशे वर्षं झाली."

हे त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मी "अरे वा, कुठे असता मग?" असं काहीतरी विचारून बसले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरून पडायचा राहिला. त्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी इकडे आले होते. इतकी वर्षं त्यांच्या घरानं मराठी टिकवली होती आणि कडेकडेनं तीत कन्नड मुरलं होतं. अण्णांचं 'बेडा' म्हणजे नको आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, हे आमच्या घरात आठवडाभरात सगळे बोलायला लागले.

नोकरी त्यांनी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून केली होती. यंत्रांचे आराखडे हातानं काढायचे. पुढं कॉम्प्युटर आले आणि कारखान्यानं जुने ड्रॉइंग बोर्ड भंगारात काढले. अण्णांनी आपला बोर्ड रिक्षाच्या टपावर बांधून घरी आणला. मुलानं सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला तेव्हा बोर्डही आला आणि वॉशिंग मशीनच्या मागं उभा राहिला. सून दर दिवाळीला तो काढून टाकायचं म्हणायची. तेवढ्यापुरतं अण्णांना कमी ऐकू यायचं.

आता एक कबुली देते. मी महादेवपुऱ्यातल्या ज्या कंपनीत काम करते, ती लहान मुलांना अक्षरं शिकवणारं ॲप बनवते. हसू नका. माझी मुलगी रेवा त्याच ॲपवर वाढली. सगळे तारे, सगळे मुकुट, सगळी बक्षिसं तिनं मिळवली होती आणि मी ऑफिसात तिचं उदाहरण द्यायचे.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळेनं बोलावलं. रेवा दुसरीत होती. मॅडम गोड आवाजात म्हणाल्या की रेवाला कागदावरचं काहीच वाचता येत नाही. इंग्रजीतले छोटे बी आणि डी तर तिला एकच वाटतात. मार्चमध्ये ती समोर बसून एक पान स्वतः वाचू शकली नाही, तर तिला पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल. मैत्रिणी पुढं जातील आणि ती मागं राहील. बाहेर बाकावर बसलेल्या रेवानं हे सगळं ऐकलं. गाडी घराजवळ आल्यावर तिनं विचारलं, "आई, मी मठ्ठ आहे का गं?"

घरी येऊन मी तिच्या हातात टॅब दिला आणि शेजारी बसले. पडद्यावर चार अक्षरं आली. रेवा हनुवटीला हात लावून नुसती बघत राहिली.

"अगं दाब ना. काय करतेस?"

"थांबलेय. थोडं थांबलं की बरोबरचं अक्षर आपणच हलतं."

खरंच, तीन सेकंदांनी बी थुईथुई हलला आणि रेवानं त्याला टिचकी मारली. वर एक तारा फुटला. अडलेल्या मुलाला हळूच मदत व्हावी म्हणून अक्षर हलवायची ती कल्पना माझी होती. तिच्यासाठी मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये अण्णा भेटले. मला कुणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून सांगितलं. ते इतके हसले की लिफ्ट तळमजल्यावर पोहोचून पुन्हा वर निघाली तरी आम्ही आतच.

"म्हणजे पोरगी हुशार आहे तुझी. तुला हरवलं की तिनं!"

"अण्णा, चेष्टा नको हो. तिला मागं ठेवतील."

त्यांचं हसू थांबलं. कानामागची पेन्सिल हातात आली. "पाठव तिला पाचला. क्लबहाउसच्या जिन्याखाली. आणि टोक काढ म्हणावं आधी."

रोज पाचला वॉशिंग मशीनमागचा ड्रॉइंग बोर्ड जिन्याखाली दोन विटांवर आडवा व्हायचा. त्याभोवती सोसायटीतली सातआठ पोरं मांडी घालून बसायची. तमिळ, बंगाली, तेलुगू, सगळी. पहिल्या दिवशी अण्णांनी रेवाच्या हातातली नवीकोरी पेन्सिल घेतली, मागचं गुलाबी रबर ब्लेडनं उडवलं आणि बिस्किटाच्या एका डब्यात टाकलं. डब्यात तशी कितीतरी रबरं होती.

"रबर बेडा, पुट्टी," ते म्हणाले. लहान मुलींना ते सगळ्यांना पुट्टीच म्हणत. "चुकलं तर राहू दे. शेजारी परत लिही."

"पण ते घाण दिसेल," रेवा म्हणाली.

"दिसू दे. चूक पुसली की ती कुठली होती ते कळत नाही. मग परत तीच येते, नवीन असल्यासारखी."

दोन आठवडे त्यांनी एकही अक्षर काढू दिलं नाही. नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, तिरक्या, मग गोल. रेघ ओढताना बोटांत पेन्सिल हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे टोक सगळीकडून सारखं झिजतं आणि रेघ शेवटपर्यंत एकाच जाडीची येते. ड्राफ्ट्समन लोकांची ही जुनी पद्धत. सातआठ पोरं जिभा बाहेर काढून पेन्सिली फिरवत बसलेली पाहून मला हसू यायचं, आणि दिवस मोजताना घाम फुटायचा.

"अण्णा, अक्षरं कधी?"

"रेघ सरी झाली की." त्यांचं 'सरी' म्हणजे बरोबर.

"मार्च जवळ येतोय हो."

"मार्च त्याच्या वेळेला येईल. तू त्याला ओढू नको."

तळघरातल्या पार्किंगच्या खांबांवर एकदा सुंदर सरळ रेघा उमटल्या. समितीनं लिफ्टमध्ये नोटीस लावली की मुलांनी भिंतींवर रेघोट्या मारू नयेत. दुसऱ्या दिवशी त्या नोटिशीच्या तिरप्या समासाशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं एक सरळ समास आखून ठेवला होता. तो कुणी आखला हे समितीला आजवर सिद्ध करता आलेलं नाही.

मग एका संध्याकाळी बी आणि डीची पाळी आली. मी ऑफिसातून लवकर सुटून जिन्याच्या पायरीवर बसले होते. अण्णांनी रेवाला डोळे मिटायला सांगितले, तिच्या हातात पेन्सिल दिली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"बीला आधी दांडा, वरून खाली. मग पोट. कळलं? आता डी. आधी पोट. मग दांडा. परत बी."

"दांडा, पोट," रेवा पुटपुटली.

"डी?"

"पोट, दांडा."

"आता डोळे उघड. सारखे दिसतात काय?"

"दिसतात सारखेच," रेवा म्हणाली, "पण हाताला वेगळे लागले."

अण्णा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर विजयी मिस्कीलपणा होता. "तुझ्या टॅबवर सगळ्या अक्षरांना एकच टिचकी. हाताला कसं कळायचं गं, कोण कोण ते?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. बारा वर्षं मी जे काम केलं ते एका दीड रुपयाच्या लाकडी काडीनं निकालात काढलं होतं.

इंग्रजीबरोबर त्यांनी रेवाला मराठीही लिहायला लावलं. ते स्वतः कन्नड शाळेत शिकलेले आणि मराठी अक्षरं वडिलांकडून घरी गिरवलेली. त्यामुळं त्यांची मराठी अक्षरं कन्नडसारखी गोलगोल यायची आणि डोक्यावरची रेघ अर्ध्यातच सुटायची. रेवाचीही तशीच व्हायला लागली.

दिवाळीनंतर त्यांनी नवीन खोडी काढली. प्रत्येक मुलानं आईवडिलांना एक पत्र लिहायचं आणि गुपचूप चपलांच्या रॅकमध्ये ठेवायचं. उत्तर हातानं, पेन्सिलीनंच लिहिलेलं हवं, नाहीतर परत. माझ्या सँडलमध्ये चिठ्ठी होती. "आई, तू फोन बघत बघत मला हो म्हणतेस. ते हो खरं असतं का?" त्यात दोन शब्द चुकले होते आणि दोन्ही चुकांच्या शेजारी तेच शब्द बरोबर लिहिलेले होते. मी दाराशीच पायरीवर बसून ती चारपाच वेळा वाचली.

उत्तर लिहायला घरात पेन्सिल शोधली तर एकही नाही. रेवाच्या पेन्सिली अण्णांच्या ताब्यात. त्या दिवशी अख्ख्या सोसायटीत आईबाप पेन्सिली मागत हिंडत होते. शेवटी मी भुवया कोरायच्या पेन्सिलीनं लिहिलं, "आजपासून खरं असेल." चिठ्ठी संध्याकाळी परत आली. खाली शेरा होता, "ओळ वर चढते. मुलीकडून शिकावे. काजळ वापरू नये." शेरा रेवाच्या अक्षरात होता. अण्णांनी सांगितला आणि तिनं लिहिला. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं.

पण तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. त्यानंतर अण्णांना लिहिताना मी पाहिलंच नाही. बोर्डाशी बसले की त्यांचा उजवा हात मांडीखाली असायचा. एकदा सुनेनं सांगितलं की हात थरथरतो, औषधं चालू आहेत. मी विचारलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं काम केलं त्यानं. पेन्शनवर आहे आता." आणि विषय बदलून माझ्या सहीची चेष्टा करायला लागले.

मार्च आला. शाळेनं मला वर्गाबाहेर उभं केलं. दाराच्या काचेतून आत दिसत होतं आणि दार लोटलेलंच असल्यामुळं ऐकूही येत होतं. मॅडमनी रेवासमोर एक पान ठेवलं. त्यावर एकही चित्र नव्हतं. रेवा पहिल्या शब्दाकडे बघत राहिली. मी मनात तीन सेकंद मोजले, मग तीस. त्या पानावर काही हललं नाही. मॅडमनी पेन उचललं.

मग रेवाचं बोट टेबलावर सरकलं. वरून खाली एक दांडा. मग पोट. तिचे ओठ हलले आणि शब्द बाहेर आला. पुढच्या शब्दाला पुन्हा बोट. मॅडमनी "हात स्थिर ठेव" म्हणताच ती थांबली. मी काचेला कपाळ टेकवलं. मॅडमनी तिच्या बोटाकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "बरं, चालू दे." रेवानं पूर्ण पान वाचलं. तीनदा चुकली आणि तिन्ही वेळा, कुणी न सांगता, मागं जाऊन तोच शब्द नीट म्हणाली. ती तिसरीत गेली.

आम्ही शाळेतून थेट अण्णांच्या दारात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बोट टेबलावर फिरवल्याचं दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाले, "सरी." मग मान माझ्याकडे वळवली. "आता तुझी पाळी."

"माझी कसली? मला कुठं वेळ आहे अण्णा?"

"टोक काढायला किती वेळ लागतो गं?"

मी हसून टाळलं. तेव्हा हो म्हणायला हवं होतं.

मेमध्ये आम्ही पुण्याला होतो तेव्हा त्यांच्या सुनेचा फोन आला. दुपारी पेपर वाचता वाचता अण्णा गेले. मी रेवाला जवळ घेऊन सांगितलं. तिनं विचारलं, "पेन्सिल कानामागं होती का?" मी पुन्हा फोन लावून विचारलं. होती. ते ऐकून मी जी रडले ती स्वतःच्या आजोबांच्या वेळीही रडले नव्हते.

जूनमध्ये परतलो त्या संध्याकाळी अण्णांचा मुलगा आणि सून घरी आले. मुलाच्या डोक्यावर ड्रॉइंग बोर्ड होता. "तुम्हीच ठेवा," सून म्हणाली. इतकी वर्षं जो काढून टाकायचा होता, त्यावरून ती हात फिरवत होती. बिस्किटाचा डबाही आणला होता. आत कापलेली रबरं आणि एक घडी केलेला कागद.

"त्यांच्या उशीखाली सापडला. काय लिहिलंय ते आम्हाला लागत नाही," मुलगा म्हणाला. "फोनचा कॅमेरा धरून बघितला. फोन म्हणतो ही तुर्की भाषा आहे."

मी कागद घेतला. रेघा थरथरत होत्या, एकमेकींवर चढल्या होत्या, अक्षरं गोल होऊन अर्ध्यातच वळली होती. उलटा धरला, उजेडात धरला, नवऱ्याला दाखवला. अक्षरांवर पोट भरणारी मी, मला एक शब्द लागला नाही.

खेळून आलेली रेवा घामेजल्या हातानं कागद ओढून बसली.

"हे डाव्या हाताचं आहे," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मीच शिकवत होते ना त्यांना. संक्रांतीपासून. आधी रेघा, मग अक्षरं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आधीआधी त्यांना रबर हवं असायचं. मी दिलं नाही."

अण्णांच्या मुलानं तोंड खिडकीकडे फिरवलं. रेवानं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि पेन्सिल जशी गेली असेल तसं ते हळूहळू फिरवायला लागली. एका ठिकाणी तोच शब्द तीनदा लिहिलेला होता, शेजारी शेजारी. तिनं तिन्हींवरून बोट नेलं. तिला कुठंही अडलं नाही. नऊ महिन्यांपूर्वी मठ्ठ आहे का विचारणाऱ्या माझ्या मुलीनं आम्हा चार मोठ्या माणसांना वाचून दाखवलं.

"पुट्टी, तू पास. तुझी आई नापास. तिच्याकडून रोज एक पान, पान, पान लिहून घे. रबर देऊ नको."

सगळ्यात आधी सून हसली आणि मग रडली. रेवानं मात्र वेळ घालवला नाही. बोर्ड जमिनीवर आडवा केला, कंपासमधून एक बोडकी पेन्सिल काढली, टोक डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"टोक काढ आधी."

मी टोक काढलं. पहिली रेघ ओढायला घेतली, बोटांत पेन्सिल फिरवत. डोळे भरून आले होते, रेघ भलतीकडेच गेली. माझा डावा हात नकळत बिस्किटाच्या डब्याकडे सरकला. रेवानं डबा उचलून आपल्या मागं ठेवला.

"शेजारी काढ," ती म्हणाली. "स्वल्प हळू."